लिनियांचे शहर आणि बत्तीस छाया

पुण्यात संस्कृत शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली, त्यामुळे सेंट पीटर्सबर्ग हे माझ्यासाठी शहराच्या आधी एका शब्दकोशाचे नाव होते. ऑटो ब्योटलिंक आणि रुडॉल्फ रोट यांनी सिद्ध केलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश 1855 ते 1875 या वीस वर्षांत तिथल्या शाही विज्ञान अकादमीने छापला आणि अभ्यासक आजही त्याला ‘पीटर्सबर्ग कोश’ म्हणूनच ओळखतात. एखाद्या शब्दाचा वेदांपासूनचा प्रवास अवतरणांसकट मांडणाऱ्या त्या कोशाने किती अडलेल्या दुपारी मला वाट दाखवली, याची मोजदाद नाही. निवृत्तीच्या सुमारास नृत्यावरचे काही वाचताना कळले की, कोशाचा शेवटचा खंड निघाल्यावर दोनच वर्षांनी, 1877 च्या आरंभी, त्याच शहरात मारियुस पेतिपा या नृत्यरचनाकाराने ‘बायादेर्का’ हा बॅले रंगमंचावर आणला होता आणि त्याची नायिका निकिया ही भारतातल्या एका मंदिरातील नर्तकी होती. एकाच शहराने जवळपास एकाच काळात एक भारत अक्षर अक्षर पारखून छापला होता आणि दुसरा भारत निव्वळ कल्पनेने उभा केला होता. ते शहर डोळ्यांनी पाहावे आणि तो बॅले त्याच्या घरीच पाहावा, हे तेव्हापासून मनाने घेतले.

मनाने घेण्याचे आणखी एक कारण त्या नावात होते. ‘बायादेर्का’ हे ‘बायादेर’ या फ्रेंच शब्दाचे रशियन रूप आहे आणि फ्रेंचांनी तो पोर्तुगिजांच्या ‘बायलादेइरा’, म्हणजे नर्तकी, या शब्दावरून घेतला. माझे आजोळ फोंडा तालुक्यातले आहे. गोव्याविषयीच्या जुन्या पोर्तुगीज लेखनात देवळांतून नृत्यगायनाची सेवा करणाऱ्या कलावंतिणींसाठी हाच शब्द येतो. ज्या सभामंडपात मी लहानपणी आजीचे बोट धरून उभी राहिले, तिथे पिढ्यान्पिढ्या नाचलेल्या स्त्रियांना परक्यांनी दिलेले नाव पॅरिसमार्गे नेवा नदीच्या काठी पोहोचले आणि एका नाट्यगृहाच्या फलकावर आजही लागते, हे कळल्यावर घरात स्वस्थ बसणे अवघड झाले. तरुणपणी मी नऊ वर्षे कथक शिकले होते, तेव्हा पाहणारी नजर अगदीच कोरी नव्हती.

बरोबर येणारे कोणी नव्हते आणि कोणाला आग्रह करावा असेही वाटले नाही. युद्धाच्या बातम्यांमुळे धाकट्या बहिणीला काळजी होती, म्हणून तिला रोज सकाळी आणि रात्री फोन करण्याचे कबूल केले आणि ते शेवटपर्यंत पाळले. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, फक्त अर्जातले नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर अन् अक्षर जुळले पाहिजे, एवढीच त्यातली मेख आहे. खरा प्रश्न पैशांचा होता. 2022 पासून परदेशांत काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे रशियात चालत नाहीत, त्यामुळे संपूर्ण मुक्कामाचा खर्च रोख बाळगावा लागतो. मी मुंबईतून कोऱ्या करकरीत डॉलरच्या नोटा नेल्या आणि त्या तीन ठिकाणी वाटून ठेवल्या. नोटेवर घडी, शाई किंवा शिक्का असेल तर बँकेची खिडकी ती परत करते असे ऐकले होते आणि माझ्यासमोरच एका प्रवाशाची एक नोट परत आली, म्हणून हा तपशील मुद्दाम लिहीत आहे.

तिकिटाचेही तसेच झाले. घरून पैसे भरता येईनात, तेव्हा एका मध्यस्थाकडे चौकशी केली तर त्याने जवळजवळ दुप्पट रक्कम सांगितली. मी तो नाद सोडला आणि प्रयोगाच्या सहा दिवस आधी पोहोचून थेट तिकीट खिडकीवर जायचे ठरवले. त्यात धोका होता. तिकिटे संपली असती तर इतक्या लांबचा खटाटोप पाण्यात गेला असता. पण जून महिना निवडल्यामुळे काही झाले तरी शुभ्र रात्री, म्हणजे रात्रभर उजेड रेंगाळणाऱ्या रात्री, हाताशी राहणार होत्या, हा दिलासा होता.

आखाती देशात विमान बदलून मी पुलकोवो विमानतळावर उतरले तेव्हा दुपार कलली होती. पासपोर्ट तपासणाऱ्या तरुणीने शिक्क्याबरोबर मायग्रेशन कार्डाचा एक कागद दिला. हा कागद देश सोडेपर्यंत पासपोर्टच्या पोटात सांभाळायचा असतो. तिथून 39 क्रमांकाची बस मस्कोव्स्काया या मेट्रो स्थानकापर्यंत नेते. मेट्रोसाठी घेतलेल्या कार्डाचे नाव ‘पदरोझ्निक’ होते. नंतर शोधले तेव्हा समजले की, ते रस्त्याच्या कडेला उगवणाऱ्या एका रोपट्याचे नाव आहे, ज्याचे पान रशियन मुले खरचटलेल्या गुडघ्यावर लावतात आणि जे आपल्या इसबगोलाच्या कुळातले आहे. एकट्या प्रवासात अशी एखादी ओळख निघाली की परकेपण थोडे सैल होते. फिरत्या जिन्याने खाली जाताना मात्र छाती दडपली. शहर दलदलीवर वसलेले असल्याने मेट्रो फार खोलवर खणावी लागली आणि जिना संपता संपत नाही. वासिलेओस्त्रोव्स्काया हे माझे स्थानक जुन्या बंदिस्त पद्धतीचे आहे. तिथे फलाटाला रूळ दिसतच नाहीत, दोन्ही बाजूंना भिंती असतात, आणि गाडी आली की भिंतीतले लोखंडी दरवाजे उघडतात.

खोली वासिलेव्स्की बेटावर घेतली होती आणि त्या बेटाने पहिल्याच संध्याकाळी मला या शहराचा स्वभाव सांगितला. इथल्या समांतर रस्त्यांना नावे नाहीत, त्यांना ‘लिनिया’ म्हणजे रेघ म्हणतात आणि त्यांना आकडे आहेत. पीटर द ग्रेटच्या मनात या रस्त्यांच्या जागी कालवे होते, त्यामुळे प्रत्येक काठ ही एक स्वतंत्र रेघ धरली गेली आणि कालवे झाले नाहीत तरी मोजणी तशीच राहिली. परिणामी एकाच रस्त्याची एक बाजू सहावी लिनिया असते आणि समोरची बाजू सातवी. माझा पत्ता सातव्या लिनियेचा होता आणि मी सहाव्या लिनियेवर तोच घरक्रमांक धरून, बॅग ओढत, अर्धा तास दारे वाजवत होते. शेवटी कुत्रा फिरवायला आलेल्या एका आजोबांनी पत्ता वाचला, माझा दंड हलकेच धरला, रस्ता ओलांडून दिला आणि काही न बोलता निघून गेले. जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रथम तिकिटाचे काम केले. मारिइन्स्की नाट्यगृह 1860 साली उभे राहिले आणि त्याला दुसऱ्या अलेक्सांद्र झारची पत्नी मारिया अलेक्सांद्रोव्ना हिचे नाव दिले गेले. क्र्युकोव्ह कालव्याच्या पलीकडे 2013 मध्ये त्याची नवी इमारत झाली असली, तरी मला जुन्याच वास्तूत जायचे होते. ‘बायादेर्का’चा पहिला प्रयोग मात्र याही वास्तूत झाला नव्हता. तो समोरच्या चौकापलीकडच्या जुन्या दगडी बल्शोई नाट्यगृहात झाला होता आणि त्या जागी आता संगीत महाविद्यालयाची इमारत आहे. ते नाट्यगृह अस्तित्वात नाही हे मला ठाऊक होते, तरीही मी त्या भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहिले.

खिडकीतल्या बाईंना इंग्रजी येत नव्हते आणि मला रशियन लिपी वाचता येत होती पण भाषा येत नव्हती. मी आदल्या रात्री एका कागदावर नाटकाचे नाव, तारीख आणि ‘एक तिकीट’ हे शब्द रशियन लिपीत लिहून ठेवले होते. त्यांनी कागद वाचला, बैठकीचा नकाशा माझ्याकडे वळवला आणि पेनाच्या टोकाने शिल्लक जागा दाखवल्या. खाली पार्तेरमध्ये अकराव्या रांगेत एक जागा होती आणि वरच्या दुसऱ्या ‘यारुस’वर, म्हणजे सज्जावर, अगदी मधोमध एक. मी वरची घेतली. ती स्वस्त होती हे खरे, पण ते एकमेव कारण नव्हते. या बॅलेत एका अंकात बत्तीस नर्तकी रांगा धरतात आणि रांगांची आखणी उंचावरूनच दिसते. खाली बसले तर पहिली ओळ दिसते आणि बाकीच्या तिच्या पाठीमागे लपतात. कोणी ‘बायादेर्का’साठी तिकीट काढणार असेल, तर मी हेच सांगेन की वरच्या सज्जाला कमी लेखू नये, फक्त बाजूच्या टोकाची जागा टाळावी, कारण तिथून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो.

मधले दिवस मी पायी फिरले. हे शहर पायांनीच कळते. 1703 मध्ये एका माणसाच्या हुकमाने ते वसवले गेले आणि जिथे दुसरी शहरे हळूहळू वाढत वेडीवाकडी होतात, तिथे हे आधी कागदावर आखले गेले. अॅडमिरल्टीच्या, म्हणजे नौदलाच्या इमारतीच्या, सोनेरी सुळक्यापासून तीन सरळ रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे फुटतात आणि त्यांपैकी नेव्स्की प्रॉस्पेक्ट सुमारे साडेचार किलोमीटर जातो. त्याच रस्त्यावर 14 क्रमांकाच्या इमारतीवर निळ्या रंगाची एक पाटी जपून ठेवलेली आहे. तोफगोळ्यांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू सर्वाधिक धोक्याची आहे, असा इशारा तिच्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडचा, म्हणजे याच शहराचा, वेढा 872 दिवस चालला. मी पाहणार होते तो ‘बायादेर्का’ 1941 च्या सुरुवातीच्या फेररचनेवर आधारलेला आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वेढा पडला आणि नाट्यगृहाची मंडळी दूर उरल पर्वताकडच्या पेर्म शहरात हलवली गेली. पाटीखाली कोणीतरी ताजी कार्नेशनची फुले ठेवली होती. मी ती मोजली नाहीत, पण इथे मृतांना सम संख्येने फुले वाहतात हे मला माहीत होते.

विज्ञान अकादमीची पिवळी, पांढऱ्या खांबांची इमारत माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. आत जाण्याचे मला कारण नव्हते. नदीकाठच्या कठड्याला टेकून मी ती बाहेरूनच पाहिली आणि त्या सात खंडांच्या पानांवरची बारीक अक्षरे आठवत राहिले.

सगळ्यांत जास्त वेळ मी रोस्सी वास्तुकाराच्या नावाच्या रस्त्यावर काढला. अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहाच्या मागचा हा रस्ता 220 मीटर लांब आहे, 22 मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या इमारती 22 मीटर उंच आहेत. मापांचे हे गणित आधी वाचले नव्हते तरीही तिथे उभे राहिल्यावर काहीतरी समेवर आल्यासारखे वाटले असते, याविषयी मला शंका नाही. याच रस्त्यावर वागानोवा अकादमी ही बॅलेची शाळा आहे. 1738 मध्ये सुरू झालेल्या या शाळेतून अॅना पावलोवा, निजिन्स्की, बालांचिन, नुरेयेव्ह आणि बारिश्निकोव्ह बाहेर पडले. वरच्या मजल्याची एक खिडकी उघडी होती आणि तिच्यातून पियानोचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. तोच तुकडा, तीच लय, मध्ये एका बाईंचा आवाज, काही क्षण शांतता आणि पुन्हा तोच तुकडा. आमच्या कथकच्या वर्गात सारंगीवर किंवा पेटीवर लहरा असाच फिरत राहायचा आणि त्याच्यावर आम्ही तत्कार, म्हणजे मूळ पदन्यास, घोटायचो. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वीसेक मिनिटे ऐकत होते. पाय निघेना.

पावलोवाने मारिइन्स्कीत निकियाची भूमिका केली होती. तीच पावलोवा 1922 मध्ये भारतात आली, इथले नृत्य शोधत फिरली आणि नंतर लंडनमध्ये तिने उदय शंकर यांच्याबरोबर ‘राधा-कृष्ण’ केले. पुढे रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्याकडे बॅलेच्या ओढीने गेल्या, तेव्हा आपल्या देशाच्या नृत्याकडे वळा असे तिने त्यांना सुचवले. भरतनाट्यमच्या आजच्या रूपामागे ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या रुक्मिणीदेवींना त्या दिशेला लावणारी स्त्री रंगमंचावर कधीकाळी एक काल्पनिक देवदासी झाली होती. खऱ्या देवदासींच्या वाट्याला मात्र तेव्हा अवहेलनाच येत होती, हेही मी विसरू शकत नाही. 1838 मध्ये पाँडिचेरीजवळच्या एका मंदिरातील नर्तकींचा मेळा पॅरिसला गेला होता. अमानी नावाच्या नर्तकीवर तेओफिल गोतिए या कवीने भरभरून लिहिले, पण तिच्या स्वतःच्या तोंडचा शब्द आपल्यापर्यंत पोहोचलेला नाही. पेतिपाच्या थोरल्या भावाने, ल्युसियाँने, 1858 मध्ये पॅरिसमध्ये ‘साकुंतला’ बसवला. ‘बायादेर्का’तल्या गोवळकोंड्याच्या राजाचे नाव दुग्मांता आहे आणि ते वाचताच कालिदासाचा दुष्यंत कुठे कुठे फिरून आला असेल, हे संस्कृतच्या शिक्षिकेला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता आणि जूनमध्येही कोट लागत होता. मी बरोबर नेलेली नारायणपेठ नेसले, वर कोट घातला आणि ग्रिबोयेदोव्ह कालव्याच्या कडेने, चार पांढऱ्या सिंहांच्या झुलत्या पुलावरून, निकोल्स्की चर्चच्या निळ्या भिंती डाव्या हाताला ठेवत चालत गेले. सातचा प्रयोग होता, मी सव्वासहाला पोहोचले. प्रथम ‘गार्देरोब’मध्ये कोट द्यावा लागतो. कोट घालून प्रेक्षागृहात जाणे इथे असभ्यपणाचे समजतात. तिथल्या बाई दुर्बिणी भाड्याने देतात. ज्याने दुर्बीण घेतली त्याला प्रयोगानंतर ती परत करताना रांग न लावता कोट मिळतो, ही रशियन नाट्यगृहांची जुनी रीत आहे. मी दुर्बीण घेतली आणि पुढे ती किती मोलाची ठरली ते सांगेनच. तीन घंटा होतात. रांगेतून आपल्या जागेकडे जाताना बसलेल्यांकडे पाठ करायची नसते, तोंड करून सरकायचे असते. हे मी वाचून गेले होते आणि माझ्यासाठी उठलेल्या प्रत्येकाने त्याबद्दल मान लववली.

प्रेक्षागृह निळे आणि सोनेरी आहे. गर्द नाही, पावसाळा संपल्यावर आश्विनातल्या आकाशाचा असतो तसा निळा. समोर अलेक्सांद्र गोलोविनने 1914 मध्ये रेखाटलेला पडदा होता. माझ्या शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या. त्यांनी माझी साडी पाहिली, काठावरून एक बोट फिरवले आणि ‘इंदिया?’ असे विचारले. मी हो म्हटले. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवून मान डोलावली, जणू माझ्या घरची गोष्ट आता त्या मला दाखवणार होत्या.

पहिले दोन अंक माझ्यासाठी सोपे नव्हते. गोष्ट साधी आहे. निकिया आणि योद्धा सोलोर यांचे प्रेम आहे, मंदिराचा महाब्राह्मण निकियावर लुब्ध आहे आणि राजाला आपली मुलगी गाम्झात्ती सोलोरला द्यायची आहे. रंगमंचावर पवित्र अग्नी पेटतो आणि त्याच्याभोवती फकीर उड्या मारत नाचतात. मंदिरातल्या नर्तकीच्या अंगावर सलवारीसारखा पारदर्शक पोशाख आहे. सोलोर चाकांवरच्या हत्तीवर बसून येतो. नमस्कार म्हणून हात छातीवर असे काही आडवे होतात की तसे ते माझ्या ओळखीच्या कुठल्याही देवळात होत नाहीत. सोनेरी रंगाने माखलेली मूर्ती सजीव होऊन नाचते, तेव्हा ती कुठल्या देवाची हे विचारण्यात अर्थ नसतो. मी आयुष्यभर शब्दाचा नेमका अर्थ शोधत आले, त्यामुळे प्रत्येक खोटी खूण मला खुपत होती. लुडविग मिंकुसच्या संगीतात भारताचा एकही सूर नाही, ते सरळ व्हिएन्नाच्या नाचघरातले वाटते. हे सारे सुंदर आहे म्हणून सोडून द्यावे, असे मला वाटत नाही. ज्यांच्या नावावर हे बेतले गेले, त्या स्त्रिया खऱ्या होत्या.

तरीही दुसऱ्या अंकाच्या शेवटी निकिया एकटी पुढे आली आणि मी दुर्बीण उचलली. सोलोर दुसरीशेजारी बसला आहे आणि तिला त्याच्या वाङ्निश्चयात नाचायचे आहे. चेलोच्या संथ सुरावर तिने पाठ कमानीसारखी वाकवली, हात मागून पुढे आणले आणि तळवे उघडे करून तसेच थांबवले. भिंगातून तिच्या गळ्याशी उठणारा श्वास दिसत होता, पण बोटांपर्यंत तो पोहोचत नव्हता. मग फुलांची परडी तिच्या हाती येते, परडीतला नाग तिला डसतो. महाब्राह्मण विषावरचा उतारा पुढे करतो, तिची नजर सोलोरला शोधते, तो गाम्झात्तीबरोबर निघून जाताना दिसतो आणि ती कुपी हातातून सोडते. इथे मला भारत शोधावासा वाटला नाही.

मध्यंतरात लोक उपाहारगृहात बसत नाहीत तेवढे दालनात फिरतात, जोडीजोडीने, एकाच दिशेने, गोल. मी शेजारच्या बाईंबरोबर दोन फेऱ्या मारल्या. त्यांनी रंगमंचाकडे हात करून मला खुणेने विचारले, तुमच्याकडे असेच असते का? मी नाही म्हणून मान हलवली. त्या हसल्या, तीन बोटे वर केली आणि म्हणाल्या, ‘तेनी.’ हा शब्द मी पाठ करून गेले होते. तेनी म्हणजे छाया.

तिसऱ्या अंकात पश्चात्तापाने पोळलेला सोलोर धुराच्या गुंगीत जातो आणि त्याला स्वप्न पडते. रंगमंच काळोखला. मागच्या उतरत्या वाटेच्या माथ्यावर पांढऱ्या पोशाखातली एक नर्तकी आली. तिने एक पाय मागे उचलून शरीर पुढे झुकवले, मग सावरून हात डोक्यावर नेत मागे रेलली आणि दोन पावले पुढे आली. तिने रिकामी केलेल्या जागी दुसरी आली आणि दोघींनी तेच केले. मग तिसरी. संगीताचा तोच तुकडा फिरत होता, तीच हालचाल फिरत होती आणि प्रत्येक आवर्तनाला एक जण वाढत होती. रांग वाटेवरून उतरून रंगमंचावर नागमोडी पसरत गेली. कितीतरी मिनिटे दुसरे काहीही घडले नाही. वरच्या सज्जावर कोणी खाकरलेही नाही. वागानोवा शाळेच्या खिडकीतून ऐकलेला लहरा इथे येऊन पूर्ण होत होता. लहऱ्याचे काम नर्तकाला आधार देण्याचे असते, स्वतःकडे लक्ष वेधण्याचे नसते. मिंकुसचे संगीत मला आधी का उथळ वाटले आणि इथे ते का अचूक आहे, हे तेव्हा उमगले.

बत्तिसाव्या छायेने पाय ठेवला आणि सगळ्या जणी रांगांत उभ्या राहिल्या. उंचावरून त्या रेघा दिसल्या आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण त्या रेघा मी पाच दिवस पायाखाली तुडवल्या होत्या. सहावी आणि सातवी लिनिया, बावीस मीटरांचा रस्ता, नदीकाठचे खांब. भारतातल्या मृत्यूनंतरच्या जगाचे स्वप्न म्हणून पेतिपाने जे दाखवले, ते सेंट पीटर्सबर्ग होते. तो स्वतः मार्सेचा. 1847 मध्ये नोकरीसाठी इथे आला आणि जवळपास साठ वर्षे या आखीव शहरात राहिला. हा निष्कर्ष माझा आहे आणि मी त्यावर ठाम आहे. पहिल्या दोन अंकांत जो देश त्याने पाहिला नव्हता तो आहे आणि तिसऱ्यात जे शहर तो रोज पाहत होता ते.

पुढे एका ठिकाणी सगळ्यांना एका पायाच्या टोकावर तोल सांभाळून दुसरा पाय बाजूला उंच धरायचा होता. मी दुर्बीण मागच्या रांगेच्या अगदी टोकाच्या मुलीवर नेली. तिचे वय विशीच्या आत-बाहेर असेल. घोट्यापाशी एक शीर थरथरत होती. गुलाबी सॅटिनवर टाचेच्या कडेला घामाचा पट्टा उमटला होता. चेहरा शांत होता आणि नजर समोरच्या मुलीच्या मानेवर खिळली होती, कारण तिथून तिला रांग कळत होती. मग सगळ्यांनी एकदम पाय खाली आणला आणि बुटांच्या टणक टोकांचा एकच ‘खट’ लाकडी फळ्यांवर उमटला. बत्तीस जणींचा एक आवाज. आमच्या गुरू म्हणत, घुंगरू शंभर असले तरी आवाज एक आला पाहिजे.

नंतर निकियाची छाया आणि सोलोर एका लांब पांढऱ्या वस्त्राची दोन टोके धरून नाचले. मूळ रचनेत शेवटी देवांचा कोप होऊन मंदिर कोसळते, पण 1941 च्या रचनेत तो अंक नाही, सारे छायांपाशीच संपते. टाळ्यांना पुढे पुढे ठेका येत गेला. कलाकार कितीदा पडद्यापुढे आले याची मी गणना केली नाही. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला बोलता येण्याजोगे काही नव्हते, म्हणून मी दोन्ही हात जोडले. त्यांनीही जोडले, छातीवर आडवे न करता, मी जोडले होते तसेच.

दुर्बीण परत केली तेव्हा गार्देरोबमधल्या बाईंनी खरोखरच रांगेच्या कडेने बोलावून कोट दिला. बाहेर साडेदहा वाजत आले होते आणि पाऊस थांबून आकाश उजळ राखाडी झाले होते. मी ब्लागोवेश्चेन्स्की पूल ओलांडून बेटावर आले. काठावर इजिप्तमधल्या थीब्जहून आणलेले दोन स्फिंक्स बसलेले आहेत. त्यांच्यामधल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर बसून बहिणीला फोन केला. पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी ती जागी होती. मग बराच वेळ तशीच बसले. लोक पायऱ्यांवर जमू लागले. एकच्या पुढे पुलावरची वाहने थांबली, मधले दोन भाग सावकाश वर उचलले गेले आणि मालवाहू जहाजे एकामागोमाग एक, सारख्या अंतराने, नदीतून जाऊ लागली. शेवटचे जहाज दिसेनासे झाल्यावर मी उठले आणि दिव्यांची गरज नसलेल्या रस्त्याने, डावी बाजू धरून, सातव्या लिनियेवर गेले.